दानीवर मोबाईल नको! (आपला गाव, आपला पट ग्रुप)

जोडीवाले मामाजी: सगळ्याईले नमस्कार. आपला शंकरपट (बैलजोड्यायची शर्यत) आठ दिवसावर आला. एकच गोष्ट सांगतो. यंदा दानीच्या (जोड्या धावतात त्या पट्टीच्या) काठावर मोबाईल दिसला तर माही जोडी सुटनार नाई. मागच्या साली काय झालं ते साऱ्या गावानं पायलं हाय.

किराणावाले भाऊ: मामाजी बरोबर बोलले. पन आधी मागच्या सालच्या वर्गणीचा हिशोब टाका.

बारक्या: मामाजी, राग नका मानू. पन यंदा बालाघाटच्या जोड्या येऊन रायल्या त्या कायच्यानं? रीलनंच ना. पांपलेट पाहून कोनी आला काय?

जोडीवाले मामाजी: बावा, रीलचं मले सांगू नको. झेंडी पडली, जोडी निंगाली, अर्ध्या दानीत आली अन् दोरीच्या आत एक हात आला. हातात फोन, फोनचा लाइट चालू. माहा कबऱ्या बैल डाव्या अंगाले होता. त्यानं ते पायलं अन् उजवीकडं दाबलं. जू तिरपं झालं, सारा भार जोडीतल्या पांढऱ्याच्या मानेवर. जोडी हाकनारा धुरकरी खाली. कबऱ्याचे दोन्ही गुडघे सोलटले. रातभर कोठ्यात बसून हळद-तेल लावत होतो मी. चाऱ्याले तोंड लावे नाई, नुसता माह्याकडं पाहे. वासरू होता तवापासून माह्या हातानं वाढवला हाय त्याले.

बचत गटवाल्या वहिनी: आठवते ना जी. त्या रात्री मामी जेवल्या नव्हत्या.

गुरुजी: मामाजींचं म्हणणं खरं आहे. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला साधारण 330 अंशांतलं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं तेवढं सुटतं. आपण समोर पाहून धावतो, तो दोन्ही काठ पाहत धावतो. काठावर अचानक काही चमकलं तर तो बिचकणारच. त्यात त्याचा काय दोष?

ट्रॅक्टरवाले दादा: ज्याचा हात होता त्याचं नाव सगळ्याईले माहीत हाय. कमिटीतल्याचाच भासा निंगाला म्हनून सारे चूप.

कमिटी अध्यक्ष: दादा, वैयक्तिक बोलू नका. पोरगा लहान आहे. त्यानं माफी मागितली होती.

जोडीवाले मामाजी: कबऱ्याले मागितली काय?

किराणावाले भाऊ: हिशोब??

बारक्या: गुरुजी, परवानगीच्या अटीतच हाय ना, शर्यतीचं शूटिंग करून कलेक्टर ऑफिसले द्या लागते. म्हंजे व्हिडिओ तर सरकारलेच पायजे.

गुरुजी: त्याला कमिटीचा एक कॅमेरा पुरतो, चारशे फोन लागत नाहीत. आणि परवानगीचं बोललास म्हणून सांगतो. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर सुरू झाल्या, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. एवढी वर्षं दान ओस पडली होती, आठवतं का? त्या शूटिंगमध्ये एका फोनपायी बैल पडलेला दिसला तर काय उत्तर देणार? तुतारी (बैलाला टोचायची काठी), चाबूक आपण सोडले ना? मग हेही सोडू.

पुण्याचा भाचा: सगळ्यांना नमस्कार. मी इकडं गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे, खेळणाऱ्यांच्या बॅगा घेऊन फिरतो. इथं माणूस चेंडू मारायला उभा राहिला की आम्ही पायही हलवत नाही. काठी वर गेली आणि मागं रिंग वाजली की चेंडू गेला झाडीत. अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स नावाची गोल्फ स्पर्धा होते, तिथं प्रेक्षकाला फोन आत नेताच येत नाही. घरी बोलायचं तर त्यांनीच ठेवलेले फोन असतात, फुकट. ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत 2006 ला होयलेकच्या मैदानावर फोन-कॅमेऱ्यांनी टायगर वूड्सला फार त्रास झाला, मग प्रेक्षकांच्या फोनवर बंदी आली. 2012 ला ती उठली, पण फोनचा आवाज बंद ठेवायचा. हे सगळं एका चेंडूसाठी, मामाजी. आपल्याकडं तर जितराब धावते.

बारक्या: म्हंजे त्याईनंबी शेवटी फोन आत घेतलेच ना?

पुण्याचा भाचा: घेतले, पण शिस्तीत. खेळणारेसुद्धा वापरतात. 2019 पासून नियमानंच अंतर मोजायचं यंत्र चालतं, बरेच जण फोनवर पाहतात. भांडण फोनशी नाही, तो कधी आणि कुठं काढला त्याच्याशी आहे.

ट्रॅक्टरवाले दादा: भाचे, आपल्या धानाच्या बांदीत चालू कर गोल्फ. खड्डे आधीच हायेत!

सोनटक्के वाडीवाला: पानी सोडलं तर चेंडूबी पोहते!

कमिटी अध्यक्ष: विषयावर बोला.

बचत गटवाल्या वहिनी: माह्यं ऐका. फोन घरी ठेवा म्हनू नका. मागच्या साली माही पोरगी गर्दीत हरवली, ते फोनवरूनच नाटकाच्या मंडपाजवळ सापडली. आमचा गट चहा-आलूभज्याचं दुकान लावते, अर्धे लोक फोनवरूनच पैसे देतात. आमी काय करावं?

सोनटक्के वाडीवाला: रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक हाय. तेथं तर सारा मंडप फोन वर करून बसते, मागच्यायले स्टेजच दिसत नाई. त्याचंबी ठरवा.

ट्रॅक्टरवाले दादा: तू समोर बसत जा ना मंग.

सोनटक्के वाडीवाला: समोरच्या खुर्च्या कमिटीच्या पाहुन्यायले असते, दादा. आमाले कोन देते?

किराणावाले भाऊ: त्या खुर्च्यायचं भाडं किती झालं, ते हिशोबात दिसलं असतं.

कमिटी अध्यक्ष: भाऊ, रविवारी हनुमान मंदिरात बैठक आहे, हिशोबाची वही तिथं ठेवतो. आता ऐका. दोन्हीकडची दोरी दहा-दहा फूट मागं घेऊ. दोरीच्या आत झेंडीवाला आणि घड्याळवाला, बाकी कोणी नाही. दोरीमागं फोन चालेल, लाइट चालणार नाही. जोडी सुटायच्या आधी माइकवरून सांगू. ऐकलं नाही तर जोडी सोडायची नाही. मामाजी, चालते काय?

जोडीवाले मामाजी: दोरी मागच्या सालीबी होती.

गुरुजी: दोरीपाशी माणसं उभी करावी लागतील. दर वीस पावलांवर एक. माझ्या शाळेतले जुने विद्यार्थी मी आणतो.

बारक्या: मामाजी, मी एक बोलू काय? कमिटीचा कॅमेरा मी धरतो. मचान बांधू, वरूनच शूटिंग करतो, पट संपेपर्यंत खाली उतरत नाई. सगळ्या जोड्यायचे व्हिडिओ रात्री ग्रुपवर टाकतो. मंग कोनाले काठावर याची गरजच नाई.

बचत गटवाल्या वहिनी: हे पोट्टं बरोबर बोललं.

जोडीवाले मामाजी: मचान कोठं बांधनार?

बारक्या: झेंडीपाशी. तेथून सूट मस्त दिसते.

जोडीवाले मामाजी: झेंडीपाशी नाई. सुटाच्या वक्ती बैल आधीच तापला राहते, त्याच्या डोक्यावर मानूस नको. शेवटाले बांध, दानीपासून हटून, आंब्याखाली. तेथं सावली हाय, काच चमकत नाई.

बारक्या: हाव जी. आंब्याखालीच बांधतो.

किराणावाले भाऊ: बास इकत आनाचे तर पावती घेजा.

जोडीवाले मामाजी: इकत कायले? माह्या वावरात हायेत. बारक्या, सकाळी सातले कोठ्यात ये. आधी कबऱ्याचे गुडघे पाहा, मंग बास तोडू.