शब्दचर्चा: 'गनफ्लिंट चर्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

भाचीच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी जुन्या जीवाश्मांवर लेख लिहितोय आणि एका नावापाशी दोन दिवस अडून बसलोय. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाला काळ्या गुळगुळीत दगडाचे थर आहेत, १९५३ साली स्टॅन्ली टायलर हे भूवैज्ञानिक तिथल्या लोहखनिजाच्या खडकांचा अभ्यास करत होते, त्यांनी श्रायबर गावाजवळचा हा दगड आणला, त्याचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली ठेवले तर आत बारीक धागे आणि गोळे दिसले, आणि ते निघाले सूक्ष्मजीव! मग हार्वर्डच्या एल्सो बार्गहूर्न यांच्यासोबत १९५४ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. हा दगड म्हणजे 'गनफ्लिंट चर्ट'. मी आत्ता 'बंदुकीची काळी गारगोटी' असं लिहिलंय. वाचून बघितलं तर कुठल्यातरी शस्त्राचा भाग वाटतो. मदत करा.

प्रतिसाद:
बंदूक आधी काढून टाका. गनफ्लिंट हे तिथल्या एका तळ्याचं नाव आहे, अमेरिकेतलं मिनेसोटा आणि कॅनडातलं ऑन्टॅरिओ यांच्या सीमेवर. खडकाच्या थरांना नाव देताना जवळच्या गावाचं, नदीचं, तळ्याचं नाव घ्यायचं आणि पुढे खडकाचा प्रकार जोडायचा अशी भूविज्ञानातली रीत आहे, म्हणून गनफ्लिंट आयर्न फॉर्मेशन, आणि त्यातला चर्ट तो गनफ्लिंट चर्ट. आपण नाशिकचं भाषांतर करत नाही, तसं हेही करायचं नाही. गंमत अशी की तळ्याला हे नाव दगडावरूनच पडलं. फरच्या व्यापारातले फ्रेंच नावाडी त्या तळ्याला 'पिएर आ फ्युझी'चं तळं म्हणत, म्हणजे बंदुकीच्या चकमकीच्या दगडाचं तळं. दगडाने तळ्याला नाव दिलं आणि तळ्याने ते परत दगडाला दिलं. हे एका वाक्यात लेखात सांगा, पण नाव 'गनफ्लिंट'च ठेवा. फॉर्मेशनला शैलसमूह म्हणा, हा शब्द रुळलेला आहे.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत. आणि गारगोटी पण नको. गारगोटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरा, थोडा पारदर्शक क्वार्ट्झचा खडा येतो. चर्टही सिलिकाचाच, पण त्याचे स्फटिक इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि हा तर काळा कुळकुळीत, कारण त्यात त्या मेलेल्या जीवांचाच कार्बन अडकलाय. 'काळी गार' लिहिलंत तर पोरं गारांचा पाऊस आठवतील. माझ्या आजोबांच्या चंचीत गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस असायचा, त्या सगळ्याला मिळून ते चकमक म्हणायचे. शब्द मूळ तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला. फ्लिंटसाठी चकमकीचा दगड अगदी बरोबर बसतो. चर्टला मात्र सरळ चर्ट म्हणा आणि एकदा कंसात समजावून सांगा, उगाच संस्कृत शब्द घडवत बसू नका.

प्रतिसाद (मी, धागा काढणारा):
खूप आभार! गारगोटी खोडली. आता दुसरी अडचण. 'जीवाश्म कालमापनानुसार या खडकाचं वय' असं वाक्य लिहिलंय. ठीक आहे ना?

प्रतिसाद:
नाही हो, इथे अर्थच उलटतो. 'जीवाश्म कालमापन' या जोडशब्दाचा विग्रह दोन प्रकारे होतो: जीवाश्मांवरून खडकाचं वय काढणं, किंवा जीवाश्मांचं वय काढणं. पहिलं चालतं ट्रायलोबाइट किंवा अमोनाइटसारख्या नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांच्या बाबतीत, कारण त्यांच्या जाती ठराविक काळात आल्या आणि गेल्या, त्यामुळे जात ओळखली की काळ कळतो. गनफ्लिंटमधले जीव जिवाणूंसारखे, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि असे साधे धागे नि गोळे कोट्यवधी वर्षं जवळपास तसेच दिसतात, त्यांच्यावरून तारीख कशी लावणार? इथे काम केलंय ज्वालामुखीच्या राखेने. त्याच शैलसमूहात राखेचा थर आहे, राखेत झिर्कॉन नावाच्या खनिजाचे कण, झिर्कॉनमध्ये युरेनियम, आणि त्या युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. दोघांचं प्रमाण मोजून २००२ मध्ये वय आलं सुमारे १८७.८ कोटी वर्षं. शिवाय वरून आणखी एक खूण आहे, ऑन्टॅरिओतल्याच सडबरीला जी प्रचंड उल्का पडली तिचा उडालेला मलबा थंडर बे शहराच्या भागात गनफ्लिंटच्या वर सापडलाय आणि तो आघात सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे खालचे थर त्याहून जुने असणारच. म्हणून वाक्य असं करा: 'राखेतल्या झिर्कॉनवरून खडकाचं वय कळलं आणि खडकावरून त्यातल्या जीवाश्मांचं.' लांब झालं तरी चालेल, पण षष्ठी आणि 'वरून' यांच्यात गोंधळ नको, मराठी विज्ञानलेखनात हा घोळ मी सारखा बघते आणि जीव हळहळतो.

प्रतिसाद:
जीवाश्मांची नावं पण द्या ना, मुलांना आवडतील. टायलर १९६३ मध्ये गेले, पण १९६५ मध्ये बार्गहूर्न आणि टायलर या दोघांच्या नावाने जो सविस्तर लेख आला त्यात ही नावं आहेत. एक आहे इओअॅस्ट्रिऑन, ग्रीकमध्ये पहाट आणि छोटा तारा, म्हणजे आपली पहाटेची चांदणी, आणि तो जीव खरंच चांदणीसारखा दिसतो. दुसरा काकाबेकिया, छत्रीसारखा, थंडर बेजवळच्या काकाबेका धबधब्यावरून नाव दिलंय. ते मूळ तिथल्या आदिवासींच्या ओजिब्वे भाषेतलं, अर्थ कड्यावरून कोसळणारं पाणी. इथे अर्थ सांगा पण भाषांतरित नाव चिकटवू नका, गनफ्लिंटचाच नियम.

प्रतिसाद (मी):
पहाटेची चांदणी घेतली! आता असं झालंय: 'गनफ्लिंट शैलसमूहातल्या काळ्या चर्टमध्ये १.८८ अब्ज वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीव जतन झाले आहेत.'

प्रतिसाद:
छान. फक्त अब्जाच्या जागी '१८८ कोटी' करा, सातवीतल्या मुलाला कोटी पटकन कळतं. आणि 'जतन झाले' ऐवजी 'टिकून राहिले' लिहा, जतन कुणीतरी करावं लागतं, हे तर सिलिकात आपोआप गोठून राहिलेत.