कल्पित लोकांचे सण: देव आधी की देणंघेणं आधी?

पैलतीर

गेली दोन वर्षं एक दीर्घकथा लिहितेय. जग पूर्ण कल्पित आहे. एक रुंद नदी, दोन काठांवर दोन वस्त्या, आणि मधे दोराच्या आधाराने ये-जा करणारी मोठी नाव. पहिल्या खर्ड्यात मी या लोकांना अकरा देव दिले होते. प्रत्येकाची तिथी ठरवली, नैवेद्य ठरवला, आरतीची कडवीसुद्धा रचली. मोठ्या बहिणीने वाचलं आणि एकच विचारलं, "त्या दिवशी कोण कोणाकडे जातं, आणि काय घेऊन जातं?" मला सांगता येईना. अकराही देव मी काढून टाकले.

तेव्हापासून माझं मत झालंय की कल्पित संस्कृतीतला सण देवांच्या नावांनी उभा राहत नाही. देण्याघेण्याने आणि पंचांगाने राहतो. पटत नसेल तर खोडून काढा, त्यासाठीच लिहितेय.

टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले बुटके हॉबिट बघा. शायर या त्यांच्या मुलखात एकही देऊळ नाही. पण वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस तोच इतरांना भेटी देतो. भेटी बहुधा स्वस्तातल्या. रोज कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, त्यामुळे आठवड्याला एखादी भेट प्रत्येकाच्या वाट्याला यायची शक्यता असते. वापरायची नाही आणि टाकवतही नाही अशा वस्तूला त्यांच्याकडे 'मॅथम' म्हणतात, आणि अशा वस्तू हातोहात फिरत राहतात. हे वाचताना मला ओटीतला ब्लाउजपीस दिसला. आमच्या कपाटातला एक नक्की चार घरं फिरून आलेला आहे. संक्रांतीला वाण 'लुटणारी' बाई आणि वाढदिवसाला भेटी वाटणारा हॉबिट यांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

पंचांगाचंही तसंच. शायरच्या वर्षात 30 दिवसांचे 12 महिने. उरलेले 5 दिवस कुठल्याच महिन्यात धरत नाहीत. 2 वर्ष पालटताना येतात, 3 ऐन उन्हाळ्यात. लीप वर्षी आणखी एक दिवस येतो तो खास मौजेचा. उरलेल्या दिवसांचं करायचं काय, या हिशोबातूनच सण निघाला. आपला अधिक महिना हा चांद्र आणि सौर वर्षाचा मेळ घालायला आलेला, पण घराघरात तो ओळखला जातो जावयाला दिलेल्या 33 अनारशांवरून.

माझ्या लोकांना मी एकच सण ठेवलाय. दर तीन वर्षांनी नावेचा दोर बदलतात. प्रत्येक घर अंबाडीच्या वाखाची एक पेंडी देतं, त्यातून नवा दोर वळतात. जुना उतरवल्यापासून नवा चढेपर्यंत पलीकडे जाता येत नाही. जो ज्या काठावर अडकला तो तिथला पाहुणा, मग तो वैरी का असेना. या सणाला देव नाही. मला त्याची उणीव वाटत नाही.

सांजवात

मला वाटते, आणि फार वाटते.

टोल्किनच्या जगात देऊळ दिसत नाही, पण ते का दिसत नाही हेही बघायला हवं. 1953 साली एका पाद्री मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतः सांगितलंय की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे मुळात धार्मिक, कॅथलिक लेखन आहे, आणि म्हणूनच त्यातले पूजाअर्चेचे उल्लेख जवळजवळ सगळे गाळले, कारण धर्म कथेत आणि तिच्या प्रतीकांत मुरला आहे. श्रद्धा मुरल्यावर बाहेरची खूण काढणं वेगळं. तुम्ही अकरा देव काढलेत, पण त्याआधी ते मुरले होते का?

त्याच जगातले दोन प्रसंग सांगते. गोंडोर या माणसांच्या राज्याचे सैनिक जेवणाआधी उठून पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभे राहतात. बुडालेल्या मायभूमीकडे बघतात, तिच्या पलीकडे बघतात, आणि त्याच्याही पलीकडे जे आहे त्याकडे. कथेचा हॉबिट नायक फ्रोडो, त्याला तिथे आपण गावंढळ असल्यासारखं वाटतं. दुसरा प्रसंग न्यूमेनॉर बेटाचा, म्हणजे त्याच मायभूमीचा, ती बुडण्याआधीचा. मधल्या पर्वताच्या माथ्यावर ना इमारत ना वेदी, वर नुसतं आकाश. वर्षातून तीनदा राजा तिथे प्रार्थना म्हणतो. त्याच्याशिवाय कोणी शब्दही काढत नाही. कोण कोणाला काय देतं? काहीच नाही. तरी मला तो सगळ्यात जिवंत विधी वाटतो.

वारीतून विठोबा काढा आणि आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर नुसत्या देण्याघेण्यावर चालून दाखवा. नदी माणसं बुडवते, ताई. आपल्याकडे नदीची खणानारळाने ओटी भरतात, त्यात प्रेम आहे आणि भीतीही आहे. तुमच्या दोराला कोणी भीत नाही, म्हणून तो सण मला सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा वाटला. कठोर वाटेल, पण मनापासून लिहितेय.

जुनी वही

दोघींशी असहमत. तुम्ही दोघीही सणाला कारण देताय, एकीचं कारण हिशोब, दुसरीचं श्रद्धा. खऱ्या सणाला एक कारण नसतंच. बैलांचा सण घ्या. कुठे श्रावणी अमावास्येला पोळा, कुठे तोच भाद्रपदात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे आषाढातच बेंदूर. कारण विचारा, प्रत्येक गाव वेगळं सांगेल आणि शेजारच्या गावाला चूक ठरवेल. कल्पित लोकांच्या सणात मला हा मतभेद कधी दिसत नाही. एका लेखकाने एका रात्रीत ठरवलेला सण सगळं राज्य एकाच पद्धतीने साजरा करतं. पैलतीर, तुमच्या दोन काठांवर एकच रीत कशी?

सण खरा वाटायचा तर तो मोडताना दाखवावा, असं माझं मत आहे. उर्सुला ल ग्वीन यांच्या 'द फार्देस्ट शोअर' (1972) मध्ये भर समुद्रात तराफ्यांवर राहणारे लोक आहेत. उन्हाळ्यातल्या सगळ्यात लहान रात्री ते पहाटेपर्यंत नाचतात. हा नाच त्या जगात बेटाबेटांवर होतो, पण या लोकांना पायाखाली जमीन नाही. आणि त्या रात्री गाणारे मधेच थांबतात. गाणी आठवेनाशी होतात. त्या थांबण्याने पोटात गोळा येतो, कारण तोवर कोणी सांगितलेलं नसतं की हा नाच थांबला तर काय होईल. ते आपल्याला कळतं. याच लेखिकेने पुढे 1985 मध्ये 'ऑलवेज कमिंग होम'मध्ये केश नावाच्या लोकांचे नाच, गाणी, नकाशे, पाककृती असं सगळं मांडलं. वडील मानववंशशास्त्रज्ञ, घरात हाच विषय. ते पुस्तक मी तीनदा वाचलंय. तरी तराफ्यांवरची ती दोन-तीन पानं मला जास्त आठवतात.

फासेवाला

मी खेळांच्या बाजूने सांगतो. ग्लोरान्था हे कल्पित जग 1975 पासून पटावर आणि 1978 पासून भूमिकांच्या खेळात (ज्यात खेळणारा स्वतः एक पात्र होतो) आहे. तिथे वर्ष 294 दिवसांचं, 56 दिवसांचे 5 ऋतू आणि शेवटी 14 दिवसांचा पवित्र काळ. त्या दोन आठवड्यांत लोक देवांच्या कथा स्वतः पुन्हा जगतात, म्हणजे जग पुढच्या वर्षी चालू राहतं. मी आमच्या गटाला हा काळ अनेकदा खेळवलाय. खेळणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की हे केलं नाही तर काय होईल. सांजवात यांच्याकडे माझा एक गुण.

कासरा

चर्चा वाचतोय. कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. हा दोर वळतं कोण?

"वळतात" असं लिहून तुम्ही पुढे गेलात. आमच्या आजोबांपर्यंत घरात हेच काम होतं. नाडा, कासरा, सोल, सगळं. गावगाड्यात मातंगांकडे ते काम होतं आणि त्याबदल्यात बलुतं. पोळ्याला सगळ्या गावचे बैल आमच्या दोराने सजायचे. मिरवणुकीत पुढे कोणाचा बैल, यावर भांडणं व्हायची. दोर वळणाऱ्याचा त्या भांडणात प्रश्नच नव्हता.

देणंघेणं म्हणता तेव्हा त्यात कोण देत राहतो आणि कोण घेत राहतो, हेही आलं पाहिजे. तुम्हीच दिलेलं हॉबिटांचं उदाहरण पुढे वाचा. हॉबिटांच्याच जातकुळीचा स्मेआगोल मित्राला सापडलेली अंगठी वाढदिवसाची भेट म्हणून मागतो. मित्र म्हणतो, मी तुला ऐपतीपेक्षा जास्त आधीच दिलंय. त्यावर तो मित्राचा गळा आवळतो, आणि पुढे जन्मभर त्या अंगठीला वाढदिवसाची भेट म्हणतो. रिवाजाने खून झाकला. टोल्किनने रिवाज गोड म्हणून ठेवला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सांजवात, तुम्हालाही विचारतो. न्यूमेनॉरच्या माथ्यावर फक्त राजा बोलतो, बाकी सगळे गप्प. तुम्हाला त्यात शांतता ऐकू आली. मला आणखीही काही ऐकू आलं.

पैलतीर

कासरा, तुमचा प्रतिसाद वाचून काल दिवसभर लिहिता आलं नाही. "वळतात" या एका शब्दात मी एक अख्खं घर पुसलं होतं. आता पेंडी देणारी घरं कोणती आणि वळणारं घर कोणतं, हे वेगळं लिहितेय. वळणारं घर नदीच्या कोणत्या काठावर, हेही ठरवायला हवं. दोर उतरल्यावर ते घर कोणाचं पाहुणं?

जुनी वही, दोन काठांच्या दोन रीती करते. पलीकडचे लोक जुना दोर जाळतात, अलीकडचे तुकडे करून पाळण्याला बांधतात, आणि दोघांना दुसऱ्याचं अभद्र वाटतं.

सांजवात, देव मात्र परत आणणार नाही. भीती हवी हे मान्य. पण बुडणाऱ्या माणसाची भीती नदीला नाव दिल्याने वाढत नाही.

सांजवात

वाढत नाही, पण तिच्याशी बोलता येतं. ज्याचा मुलगा नदीत गेला तो बाप दोर बदलताना कोणाशी बोलणार? नवीन खर्ड्यात तो बाप असू द्या. तो कोणाशी बोलतो ते बघा, मग आपण पुन्हा भांडू.

कासरा, राजाच्या बोलण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मनात राहिलंय. आज उत्तर नाही माझ्याकडे.

कासरा

पैलतीर, एक कामाचं सांगतो. पेंडी दिली आणि दोर वळला, असं होत नाही. अंबाडीची ताटं आधी पाण्यात दाबून ठेवतात. कुजली की साल सोलायची, धुवायची, वाळवायची, तेव्हा वाख होतो. कुजताना घाण सुटते. आजी सांगायची, सणाआधी त्यांच्या दारावरून कोणी जात नसे, आणि धुतले तरी कितीतरी दिवस हाताचा वास जात नसे. तुमच्या नदीवर ताटं भिजवायची जागा कुठे आहे ते ठरवा. बहुधा वस्तीच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी भरायला कोणी येत नाही. त्या घराचा सण तिथेच सुरू होतो, बाकीच्यांच्या बराच आधी.