ट्रॉल्यांमागची झुरळे : बोरिक पावडर वापरावी का?

मोरपीस
आमच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्यांच्या मागे बारीक तपकिरी झुरळे फार झाली आहेत. फवारा मारला की ती काही दिवस दिसेनाशी होतात आणि पुन्हा येतात. सासूबाई बोरिक पावडर, कणीक व साखर दुधात मळून त्याच्या गोळ्या ठेवायला सांगतात. साखरेच्या डब्याला लाल मुंग्याही लागतात. घरात रांगते बाळ असताना हा उपाय करावा का, आणि मुंग्यांनाही तो चालेल का?

करंज
डोक्यामागे दोन काळसर पट्टे दिसत असतील तर ती जर्मन झुरळे आहेत. नेहमीच्या फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड औषधांना ती बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत. बोरिक अ‍ॅसिडचे काम निराळ्या रीतीने चालते : पावडर झुरळाच्या पायांना व मिशांना चिकटते, ते अंग चाटून साफ करते आणि ती पोटात जाऊन काही दिवसांनी ते मरते. म्हणून दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही तरी उपाय सोडू नये.

लोक हमखास चुकतात ते प्रमाणात. ढीग दिसला की झुरळ त्याला वळसा घालून जाते. थर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच हवा. बारीक तोंडाची कोरडी प्लास्टिकची बाटली अर्धी भरून, ट्रॉली बाहेर काढून, मागच्या फटीत आणि सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे हलकेच फुस्स करावे. ओल लागली की पावडरचे खडे होतात आणि तिचा उपयोग संपतो, तेव्हा गळती आधी दुरुस्त करावी. त्याच जागी फवारा मारू नये, कारण त्याने झुरळे पावडरीपासूनच दूर पळतात. कोरडी राहिलेली पावडर मात्र पुसू नये. अंड्यांतून नंतर निघणारी पिल्ले तिनेच मरतात.

ओसरी
मुंग्यांसाठी पावडर न भुरभुरता पातळ गोड पाणी करावे : 100 मिली कोमट पाण्यात 25 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. कामकरी मुंग्या हे पाणी वारुळात नेऊन राणीला व अळ्यांना भरवतात. प्रमाण वाढवले तर त्या वाटेतच मरतात आणि वारूळ तसेच राहते. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाळाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. सुरुवातीला रांग वाढेल, ती पुसू नये.

निवडुंग
बाळाबद्दल कळकळीने सांगतो : कणकेच्या गोळ्या अजिबात ठेवू नका. जमिनीवरची गोड गोळी रांगते बाळ नेमकी तोंडात घालते. खनिज आहे म्हणून निर्धोक, हा समज चुकीचा आहे; बोरिक अ‍ॅसिड पोटात जाऊन तान्ही बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, आणि युरोपीय संघाने ते प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत धरले आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बोरिक अ‍ॅसिडच्याच जातीचा क्षार; बाळाच्या तोंडाला मधातून त्याची लाही लावण्याची जुनी पद्धतही याच कारणाने सोडावी.

पावडर बंद कपाटामागच्या फटींतच जावी. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती पिठीसाखरेजवळ ठेवू नका. पोटात गेल्याचा संशय आला तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, पाकीट घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

मोरपीस
गोळ्यांचा विचार सोडला आहे. कॅरमची पावडर घरात आहे, ती चालेल का?

करंज
पाकिटावर बोरिक अ‍ॅसिड असे स्पष्ट लिहिले असेल तरच चालेल. काही कॅरम पावडरी स्टार्चच्या असतात, त्या झुरळे आनंदाने खातील.