पगारी मॅनेजर हवा की नको? (आंबा गटातला वाद)

हापूसवाला, देवगड
आमच्या अकरा बागायतदारांच्या पॅकिंग गटात परवा पुन्हा तोच वाद झाला. माझं मत: मॅनेजर नको. नेदरलँड्समध्ये २००६ साली योस दे ब्लॉक या नर्सने ब्यूर्टझोर्ग ही घरपोच रुग्णसेवा सुरू केली. फार तर बारा जणांची तुकडी. कोणत्या रुग्णाकडे कोण जाणार, नवीन नर्स कोण घ्यायची, सगळं तुकडीच ठरवते. प्रशिक्षक आहेत, पण ते सल्ला देतात, हुकूम सोडत नाहीत. हजारो नर्स अशा काम करतात. मग अकरा आंबेवाल्यांना का जमू नये?

चाकरमानी
दादा, पुण्यात अशा एका कंपनीत मी तीन वर्षं काढलीत. साहेब नव्हता म्हणजे दारावर पाटी नव्हती, एवढंच. जो संस्थापकाबरोबर चहाला जायचा, त्याचं चालायचं. पाटीवाल्या साहेबाशी भांडता तरी येतं, बिनपाटीच्याशी भांडायचं कुठे? अमेरिकेत बूट विकणाऱ्या झॅपोसमध्ये २०१५ साली प्रमुख टोनी शे यांनी सांगितलं, ही बिनसाहेबाची पद्धत पटत नसेल तर पैसे घ्या आणि निघा. दोनशेवर लोक निघाले. साहेब नकोत हा हुकूमही साहेबाचाच!

रापणकर, मालवण
अरे, ह्यासाठी अमेरिकेक कित्याक जातास? लहानपणी आजोबांबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलीय. पाण्याचा रंग बघून ज्याला मासळी कळते, तो म्हणेल तेव्हा जाळं टाकायचं, तिथे कुणी हुज्जत घालत नसे. जाळं किनाऱ्याला लागलं की त्याचा अधिकार संपला. मग वाटे: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. अधिकार कामाला चिकटलेला असतो, माणसाला नाही.

वेंगुर्ल्याची माई
जाळं कोणाचं होतं, ते पण सांगा की! ज्याचं जाळं, त्याचा वाटा मोठा. गावऱ्हाटीतही, म्हणजे गावच्या परंपरेच्या कारभारातही, प्रत्येक घराला आपापला मान, एकटा कोणी राजा नाही. पण कोणता मान कुणाला, ते जन्मानेच ठरलेलं.
हापूसवाल्या, माझा प्रश्न साधा आहे. चौदा आणे, म्हणजे पुरेसा, तयार नसलेला आंबा एखाद्याने पेटीत भरला, तर त्याला नाही कोण म्हणणार? तो तुझा चुलतभाऊ असेल, नाहीतर त्याच्या घरी तुझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असतील. पगारी परका माणूस तिथे बरा. शिव्या त्याला पडतात, नाती शाबूत राहतात.

हापूसवाला, देवगड
माई, नेमकं बोललात. गेल्या मोसमात याच कारणाने दोन घरांचं बोलणं बंद आहे. म्हणून यंदा पेटीवर नाव नाही, फक्त नंबर. तपासणारे दोघे आठवड्याला बदलायचे. कॅलिफोर्नियातल्या मॉर्निंग स्टार या टोमॅटो कंपनीत प्रत्येक जण आपल्या कामाचा करार साहेबाशी नाही, ज्यांच्याशी काम पडतं त्या सहकाऱ्यांशी लिहून करतो. आम्हीही तसं लिहून काढतोय.

चाकरमानी
तिथलं पुढचंही सांगा. भांडण झालं की आधी दोघांनी बोलायचं, मग मध्यस्थ, मग सहकाऱ्यांची समिती. तरी नाही मिटलं तर शेवटी मालक क्रिस रूफर! आणि नंबराचं म्हणाल, तर देवगडात कुणाचा आंबा कुठल्या कलमाचा, हे पेटी उघडताच कळतं.

वेंगुर्ल्याची माई
ते राहू दे. गटाचं चेकबुक कोणाकडे असतं?

हापूसवाला, देवगड
दोघांच्या सह्या लागतात.

वेंगुर्ल्याची माई
त्यातला एक तुझा काका ना?