लकवा आला तर अमळनेरकडून धुळं गाठायचं की जळगाव? माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मागच्या महिन्यात सकाळी सहाला चहा पिता पिता आप्पांच्या उजव्या हातातली बशी निसटली, गरम चहा सगळा धोतरावर, आणि त्यांना सांडल्याचं कळलंच नाही. तोंड वाकडं, जीभ जड. तरी म्हणत होते, माले काही व्हयनं नही.

गावातल्या डॉक्टरनी बीपी बघून सलाईन लावलं, तिथं तासभर गेला, मग आत्या हटून बसली की अमक्या गावाला लकव्याचं औषध नाकात टाकतात तिकडेच न्या, नेलं, तिथंही नंबर लावून बसलो, मग तालुक्याला एका दवाखान्यात, तर तिथं सिटी स्कॅनच नाही. जळगावला पोचलो तेव्हा पावणेबारा. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? सहाला म्हटलं तर ते गप्पच झाले. मेंदूत गुठळी होती, ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आधी सिटी स्कॅन, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. आमची वेळ साडेदहालाच संपली होती. घरी येऊन हिशोब केला, गाडी चालली जेमतेम अडीच तास, बाकीचा वेळ थांबण्यात गेला. 108 ला फोन करायचं तर कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता नानांनाही बीपी आहे, ते मळ्यात एकटे राहतात, म्हणून आधीच ठरवून ठेवायचंय. आम्हाला धुळं जवळ पडतं पण जिल्हा जळगाव म्हणून सगळे तिकडेच पळतात. रात्री दोनलाही सिटी स्कॅन चालू आणि हे इंजेक्शन हाताशी असं दोन्हीकडे कुठे आहे? ज्यांनी स्वतः पेशंट नेलाय त्यांनी सांगा प्लीज. निघतानाच फोन करून कळवलं तर ते तयारीत राहतात का? 108 वाल्यांना थेट सिटी स्कॅनच्या ठिकाणी न्या म्हणता येतं का? आणि मोठी नस बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी काढतात, काही पेशंटना 24 तासांपर्यंतही, ते खान्देशात कुठे होतं का नाशिकच गाठावं लागतं?

आप्पा काल काठी धरून ओट्यापर्यंत आले. बशी अजून डाव्या हातानेच धरतात. उजव्या हातासाठी अमळनेरात घरी येणारे चांगले फिजिओ कोणाला माहीत असतील तर तेही सांगा.