अनुभव धागा: पॅट्रिक मूर आणि 'द स्काय ॲट नाइट'. ठाऊक आहे ते लिहा

निरभ्र
आज दुपारी संगीतकार सिबेलियसची 'ॲट द कॅसल गेट' कानावर पडली आणि पहिल्या काही सुरांतच ब्रिटनचे आकाशनिरीक्षक पॅट्रिक मूर डोळ्यांसमोर उभे राहिले. एका डोळ्यावर भिंग, ढगळ कोट, आणि ते भरधाव बोलणं. बीबीसीवरच्या त्यांच्या 'द स्काय ॲट नाइट' या खगोलाच्या टीव्ही कार्यक्रमाची ही शीर्षकधून. पहिला भाग २४ एप्रिल १९५७ ला रात्री साडेदहाला लागला, तेव्हापासून डिसेंबर २०१२ मध्ये ते गेले तोवर निवेदक तेच. पंचावन्न वर्षं, सातशेच्या वर भाग. एकाच माणसाने इतकी वर्षं चालवलेला दुसरा टीव्ही कार्यक्रम जगात नाही. माणूस, कार्यक्रम, त्यांची निरीक्षणाची पद्धत, ज्याला जे माहीत आहे ते लिहा. नुसतं 'महान होते' नको, तपशील हवेत.

शेपटीवाला तारा
पहिल्या भागाची वेळ काय साधली होती! विषय होता आरंद-रोलाँ धूमकेतू, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला उलटी शेपटी फुटलेली दिसत होती, सूर्याच्या दिशेने भाल्यासारखी. शेपटी खरंच उलटी फिरत नाही. धूमकेतूने टाकलेली धूळ त्याच्या कक्षेच्या प्रतलात पातळ पसरलेली असते. पृथ्वी ते प्रतल ओलांडते तेव्हा आपल्याला ती कडेवरून दिसते, ताट आडवं धरल्यावर नुसती रेघ दिसावी तशी. दोनचार दिवसांत प्रतल मागे पडलं की रेघ गायब.

कुकरची शिट्टी
एकच भाग चुकला ना त्यांचा? अंड्यामुळे?

निरभ्र
हो, जुलै २००४. गूजच्या (बदकाहून मोठा पाळीव पक्षी) अंड्यातून साल्मोनेला जंतूची बाधा झाली, प्रकरण जिवावर बेतलं होतं. तो भाग खगोलशास्त्रज्ञ ख्रिस लिंटॉट यांनी निभावला.

कुकरची शिट्टी
गूजचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीनपट असतं. नेहमीच्या वेळेत उकडलं की बलक मध्ये कच्चाच राहतो. पाण्याला उकळी आल्यावर बारा ते पंधरा मिनिटं द्यावी लागतात. पाण्यात टाकून तरंगतं का बघतात त्याने शिळं अंडं कळतं, साल्मोनेला कळत नाही. बलक पूर्ण घट्ट होणं हीच खूण. बरं, चालू द्या तुमचं आकाश.

चित्रा_स्वाती
त्यांची यादी कुणीच काढली नाही अजून? कॉल्डवेल यादी! पूर्ण आडनाव कॉल्डवेल-मूर. अठराव्या शतकातला फ्रेंच धूमकेतू-शोधक मेसिए याच्या यादीने 'एम' आधीच घेतलेलं, म्हणून यांनी 'सी' घेतलं. १९९५ साली आलेली १०९ पिंडांची (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) यादी. मेसिएने धूमकेतूंशी गल्लत होऊ नये म्हणून यादी केली होती, त्यामुळे ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ (सी १४) आणि रोहिणीभोवतीचा हायडीज गुच्छ (सी ४१) त्याच्या यादीत नाहीत. मूर यांनी ते घेतले.

आता महाराष्ट्रातल्यांसाठी. मेसिएचे क्रमांक साधारण नोंद होत गेली तसे पडले आहेत, कॉल्डवेलचे क्रांतीनुसार (आकाशातला अक्षांश म्हणा), उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे क्रमांक वाचूनच कळतं की आपल्याला काय दिसेल. मूर यांच्या इंग्लंडमधल्या सेल्सी गावाहून (अक्षांश सुमारे ५०.७) सी ७३ पासून पुढचे ३७ पिंड क्षितिजावर येतच नाहीत. स्वतःच्या बागेतून दिसत नाहीत ते पिंडही त्यांनी यादीत घेतले, दक्षिण गोलार्धातल्या लोकांवर अन्याय नको म्हणून. मुंबईहून मात्र १०६ ते १०९ एवढेच कायमचे बुडालेले. १०३ ते १०५ नावापुरते वर येतात, धुरळ्यात दिसणार नाहीत.

सी ८०, म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, आपल्याकडून २३-२४ अंश उंचीवर येतो. मेच्या मध्याला रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास चित्रा ठीक दक्षिणेला आली की हात ताठ धरून तिच्याखाली साडेतीन मुठी मोजा. दोन डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीत कापसाच्या बोळ्यासारखा ठिपका दिसेल. तोच. जून उजाडला की ढग आलेच, तेव्हा एप्रिल-मे सोडू नका.

वांगणी लोकल
साडेतीन मुठी 👌 हे खरं कामाचं. दुर्बीण कुठली? ७×५० की १०×५०?

चित्रा_स्वाती
७×५० म्हणजे सातपट वर्धन, पन्नास मिलिमीटरचं भिंग, म्हणून तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटरचा. पन्नाशीनंतर बुबुळ बहुधा पाचच्या आसपास उघडतं, उरलेला प्रकाश वाया. शहरात आणि चाळिशीपुढे १०×५० घ्या. हात थरथरत असेल तर कोपर भिंतीवर टेकवा. मूर नवख्यांना कायम हेच सांगत, की पहिल्याच दिवशी स्वस्त, छोटा टेलिस्कोप घेऊन फसू नका, आधी चांगली दुर्बीण घ्या.

सुधाताई
माणसाबद्दलही लिहा ना कुणीतरी. लहानपणी हृदयाचा त्रास, म्हणून शिक्षण बरंचसं घरीच. अकराव्या वर्षी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे सभासद झाले, पुढे तिथेच अध्यक्ष. विद्यापीठाची पायरी चढले नाहीत आणि २००१ मध्ये रॉयल सोसायटीने मानद फेलो केलं, त्याच वर्षी सर झाले. युद्धात वाग्दत्त वधू बॉम्बहल्ल्यात गेली, नंतर लग्न केलं नाही. आई १९८१ पर्यंत सोबत राहिली. थेट प्रक्षेपणात एकदा तोंडात माशी गेली ती गिळून बोलत राहिले. आईला काळजी माशीची!

लंडनचा बाब्या
झायलोफोन राहिला. आपल्या काष्ठतरंगाचा भाऊ. नुसता घरापुरता नव्हे, १९८१ च्या रॉयल व्हरायटी परफॉर्मन्समध्ये वाजवलाय. पुस्तकं १९०८ च्या वुडस्टॉक टाइपरायटरवर. संधिवाताने बोटं आखडली तेव्हा दोन्ही सुटलं. आणि १९९० च्या दशकातली इथली पोरं त्यांना ओळखायची ती 'गेम्समास्टर' म्हणून, चॅनेल फोरवर व्हिडिओ गेमच्या युक्त्या सांगणारं तरंगतं डोकं.

निरभ्र
चंद्राचं कुणी लिहिलं नाही. त्यांचं खरं काम तिथलं.

अष्टमीचा चंद्र
लिहितो. पौर्णिमेला चंद्र बघू नका, सूर्य समोरून पडतो, सावल्याच नसतात, सगळं सपाट. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा. चित्र काढायचं तर बाह्यरेषा आधी छायाचित्रावरून फिकट आखून न्या. आधी सावल्यांच्या कडा, मग बारकावे. वीस-पंचवीस मिनिटांत संपवा, कारण सावली सरकते आणि चित्राचा एक भाग पहिल्या वेळेचा, दुसरा नंतरचा होतो. खाली तारीख, जागतिक वेळ (आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा), भिंगाचा व्यास, वर्धन, आणि हवेची स्थिरता अँटोनियाडी श्रेणीत. तिथे १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे वाईट. इथे हमखास उलटं लिहिलं जातं.

मारे ओरिएन्टाले या चंद्राच्या कडेवरच्या काळ्या मैदानाच्या शोधाचं श्रेय मूर आणि चंद्राचे नकाशे करणारे विल्किन्स यांना देतात. त्यांनी १९४६ मध्ये ते पाहिलं हे खरं, पण जर्मन खगोलशास्त्रज्ञ युलियुस फ्रान्झ यांनी ते नाव १९०६ मध्येच वापरलं होतं. 'पूर्वेचा समुद्र' आज पश्चिम कडेवर का? १९६१ मध्ये चंद्रावरच्या दिशा उलट ठरवल्या, नाव तेच राहिलं. चंद्र डुलतो त्यामुळे अनुकूल दिवशीच त्याची किनार दिसते.

स्पष्ट बोलते
सगळं मान्य, पण २००७ मध्ये बीबीसी बायका चालवतात म्हणून बिघडली असं ते बोलले, तेही या धाग्यात यायला हवं. स्थलांतरितांबद्दलची मतंही कडवट होती. आकाश शिकवणारा माणूस म्हणून मोठेच, पण ती मतं चुकीची होती.

सुधाताई
बरोबर आहे. दोन्ही खरं.

वांगणी लोकल
माझा प्रश्न दुर्बिणीचाच. पावसाळ्यात आतल्या भिंगावर बुरशीचे धागे धरतात, काय करायचं?

चित्रा_स्वाती
चामड्याच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, तीच ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम भरपूर. निळं गुलाबी झालं की दमट झालं.

कुकरची शिट्टी
मग कढईत परतून घ्यायचं ना?

चित्रा_स्वाती
स्वयंपाकाची कढई नको! निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, विषारी. नारिंगी मिळतं ते घ्या, ते ओल धरली की हिरवं होतं. जुन्या पत्र्याच्या ताटलीत पातळ पसरून ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास. जास्त तापवलं तर रंग कायमचा जातो. आणि गरम असतानाच डब्यात टाकू नका.