पीएसपीवरील होमब्रू का ओसरले?

सह्यवारा (धागालेखक)

सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा कन्सोल १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि काही महिन्यांतच हौशी प्रोग्रामर त्यावर, कंपनीची परवानगी नसताना, स्वतः लिहिलेले प्रोग्राम चालवू लागले. या होमब्रूतून पुढच्या पाच-सहा वर्षांत लुआ भाषेतील प्रोग्राम चालवणारा लुआ प्लेयर, पीडीएफ वाचण्यासाठी बुकर, फाइली हाताळणारे आयआर शेल, इतर कन्सोलचे खेळ चालवणारे जीपीएसपी आणि डेडलससारखे इम्युलेटर असे मोठे काम उभे राहिले. पुढे सोनीच्याच पीएस३ या कन्सोलची सुरक्षा फुटली, त्यातून २०११ च्या जानेवारीत पीएसपीच्या स्वाक्षरीच्या किल्ल्याही (प्रोग्राम अधिकृत असल्याची डिजिटल सही करणारे गुप्त अंक) हाती आल्या आणि कोणताही प्रोग्राम सही करून कोणत्याही पीएसपीवर चालवता येऊ लागला. ज्यासाठी इतकी वर्षे झगडावे लागले ते साध्य झाले, पण नेमके त्याच सुमारास नवे काम आटत गेले. यामागचे मला पटलेले कारण मांडतो. विरोधी मते अवश्य यावीत.

माझ्या मते या समूहाने आपली सर्वांत तल्लख माणसे अशा कामाला जुंपली, जे स्वभावतःच नाशवंत होते. १.०० या फर्मवेअरमध्ये (यंत्रातील मूळ सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्रामची सही तपासलीच जात नव्हती. १.५० मध्ये ही तपासणी चुकवण्यासाठी दोन फोल्डरांची युक्ती करावी लागली. २.०० साठी टिफ प्रतिमेतील दोष शोधून डाउनग्रेडची, म्हणजे जुन्या फर्मवेअरवर परतण्याची, वाट काढली गेली, त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी जीटीए लिबर्टी सिटी स्टोरीज या खेळाच्या सेव्ह फाइलमधील त्रुटी वापरली गेली आणि २००७ मध्ये बॅटरीचा अनुक्रमांक बदलून कन्सोल दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू करणारी ‘पँडोरा’ बॅटरी आली. २००८ च्या पीएसपी-३००० ने ती वाट बुजवली. मग २००९ मध्ये चिकहेन ही नवी पळवाट आली आणि २०१० मध्ये पॅटापॉन २ या खेळाच्या डेमोतून चालणारा हाफ बाइट लोडर आला. प्रत्येक टप्प्यावर असामान्य बुद्धीच्या माणसांची कित्येक महिन्यांची मेहनत खर्ची पडली आणि सोनीचे पुढचे अपडेट किंवा पुढचे मॉडेल येताच त्यातील बराचसा भाग निरुपयोगी ठरला.

जे टिकते ते म्हणजे कम्पायलर (लिहिलेल्या कोडचा यंत्रावर चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन), लायब्रऱ्या (तयार कोडचे संच), दस्तऐवज आणि खुला सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर), आणि तिकडे त्या मानाने फार कमी हात वळले. पीएसपीचा अ‍ॅलेग्रेक्स प्रोसेसर हा एमआयपीएस घराण्यातील असला, तरी त्याच्या काही सूचना आणि त्याचे व्हीएफपीयू हे गणिती एकक खास सोनीचे होते. त्यामुळे जीसीसी या खुल्या कम्पायलरच्या मूळ आवृत्तीवर वेगळे पॅच (बदल) चढवल्याखेरीज पूर्ण उपयोगाचा कम्पायलर तयार होत नसे. जीसीसीची नवी आवृत्ती आली की ते पॅच पुन्हा बसवायचे, हे काम कंटाळवाणे होते आणि त्याला टाळ्या मिळत नव्हत्या. परिणामी टूलचेन, म्हणजे कम्पायलर आणि त्याच्या सोबतची साधने, वर्षानुवर्षे जीसीसीच्या जुन्या चौथ्या मालिकेवरच रेंगाळली.

या दुर्लक्षाचा सर्वांत बोलका पुरावा पीएसपी-२००० या पुढच्या मॉडेलने दिला. आरंभीचे कितीतरी प्रोग्राम १.५० च्या कर्नलवर (फर्मवेअरच्या गाभ्यावर) विसंबून लिहिलेले होते आणि नव्या मॉडेलवर तो कर्नल चालतच नव्हता. ज्यांचा सोर्स उपलब्ध होता ते दुरुस्त करून पुन्हा कम्पाइल करता आले. ज्यांची केवळ तयार ईबूट फाइल (कम्पाइल केलेला प्रोग्राम) वाटली गेली होती आणि लेखक एव्हाना दुसरीकडे निघून गेले होते, ते जुन्या यंत्रापुरते उरले किंवा एखाद्या जोड-प्रोग्रामच्या आधाराने कसेबसे चालले. नव्या माणसाने पुढे न्यायचे ठरवले असते, तरी त्याच्या हाती काही नव्हते.

खडूफळा

धागालेखकांनी तपशील नेमके दिले आहेत, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. लोक कम्पायलर जुना होता म्हणून गेले नाहीत. जिथे त्यांच्या कामाला वाचक, वापरकर्ते आणि मोबदला मिळणार होता तिथे ते गेले.

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले. वर्षाला ९९ डॉलर भरा, प्रोग्राम लिहा आणि विक्रीतील ७० टक्के रक्कम घ्या, असा तो व्यवहार होता. त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोनही आला. २००५ मध्ये खिशात मावणारे, रुंद पडद्याचे, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकणारे, वायफाय असलेले यंत्र हौशी प्रोग्रामरला पीएसपीखेरीज फारसे कुठे मिळत नव्हते. तीन वर्षांत ती मक्तेदारी संपली. एखाद्या विद्यार्थ्याने ३२ एमबी रॅममध्ये बसवायची कसरत करायची, वर प्रत्येक अपडेटला धास्तावायचे, आणि तेही कंपनीच्या मर्जीविरुद्ध, हे तोवर चालले जोवर दुसरा पर्याय नव्हता.

होमब्रूने भागवलेल्या गरजाही सोनीने एकेक करून स्वतः पुऱ्या केल्या. सुरुवातीला लोकांनी वाइपआउट प्युअर या खेळातील डाउनलोडच्या पानाचा पत्ता वळवून त्यातून इंटरनेट पाहिले होते, इतकी ब्राउझरची ओढ होती. मग २.०० मध्ये अधिकृत ब्राउझर आला, ३.८० मध्ये इंटरनेट रेडिओ आणि ३.९० मध्ये स्काइप आले. २००९ च्या ऑक्टोबरात ‘मिनीज’ या नावाने छोट्या खेळांची अधिकृत विक्रीही सुरू झाली. रेडिओ ऐकवणारा होमब्रू प्रोग्राम कितीही सुबक असला, तरी तीच सोय यंत्रात आयती मिळू लागल्यावर तो लिहिण्याची ऊर्मी कुठून टिकणार?

तांबडी_माती

दोघांनीही ज्या विषयाला बगल दिली आहे तो स्पष्ट बोलतो, तो म्हणजे पायरसी. कस्टम फर्मवेअर, म्हणजे हौशींनी बदललेले फर्मवेअर, होमब्रूसाठी म्हणून ओळखले गेले, पण बहुसंख्य मालकांनी ते आयएसओ फाइलींतून (खेळाच्या डिस्कच्या प्रतींतून) फुकट खेळ चालवण्यासाठीच टाकले. मुंबई-पुण्याच्या बाजारात तेव्हा पीएसपी घेताना ‘करून देऊ का?’ असे विचारले जाई, आणि त्या ‘करून’चा अर्थ मेमरी स्टिकमध्ये खेळ भरून देणे एवढाच असे. माझ्या ओळखीतील अशा मालकांपैकी लुआ प्लेयरचे नाव कोणालाही ठाऊक नव्हते.

याचा परिणाम असा झाला की सगळी वाहवा फर्मवेअर फोडणाऱ्यांना मिळाली. खेळ किंवा साधन लिहिणाऱ्याला चार प्रतिक्रिया आणि नव्या फर्मवेअरच्या बातमीला हजारो वाचक, असे चित्र असेल तर तरुण माणूस काय शिकायचे ठरवेल? धागालेखक ज्याला बुद्धीचा चुकीचा विनियोग म्हणतात, तो आपोआप झालेला नाही. मागणीच तशी होती. शिवाय या मागणीमुळेच सोनीची भूमिका कठोर होत गेली. हीच कंपनी पीएस२ साठी लिनक्सचा संच विकत होती आणि पीएस३ वर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याची मुभा देत होती. ती मुभा तिने एप्रिल २०१० मध्ये ३.२१ या अपडेटने काढून घेतली. हातातल्या कन्सोलवर हौशींसाठी अधिकृत दालन उघडले असते, तर पीएसपीचा इतिहास वेगळा झाला असता. पायरसीने ती शक्यता संपवली.

सह्यवारा (धागालेखक)

दोन्ही प्रतिसादांतील वस्तुस्थिती मला मान्य आहे, परंतु त्यांनी प्रश्न सुटत नाही, कारण ही दोन्ही कारणे निन्टेन्डोच्या डीएस या हातातील कन्सोललाही तंतोतंत लागू पडतात. डीएसवर खेळांच्या प्रती चालवणाऱ्या आर४ सारख्या कार्डांमुळे पायरसी उदंड होती. स्मार्टफोनही त्याच्यासमोर त्याच वर्षी उभे ठाकले. तरीही डीएससाठी लिहिणाऱ्याला कम्पायलर आणि लायब्रऱ्या सतत अद्ययावत मिळत राहिल्या, कारण त्याचे एआरएम प्रोसेसर मूळ जीसीसीलाच परिचित होते आणि डेव्हकिटप्रो या हौशींच्या साधन-प्रकल्पातील मंडळींनी साधने सांभाळणे हेच आपले मुख्य काम मानले. लोक तिथूनही गेले, हे खरे. पण दहा वर्षांनी परतणाऱ्याला काम जिथे सोडले तिथून उचलता येत होते. वेग कमी होणे आणि धागा तुटणे यांत मला फार मोठा फरक वाटतो, आणि माझी तक्रार धागा तुटण्याबद्दल आहे.

तांबडी_माती यांचा अधिकृत दालनाचा मुद्दा आकर्षक आहे, पण व्हीटा या पीएसपीनंतरच्या कन्सोलवर सोनीने प्लेस्टेशन मोबाइल या नावाने तसे दालन उघडले होते आणि २०१५ मध्ये बंदही केले. कंपनीने दिलेले कंपनी परत घेते. त्याच्या भरवशावर परंपरा उभी राहत नाही.

उत्तररात्र

मला या चर्चेचे गृहीतकच मान्य नाही. पीएसपीवरील काम ‘ओसरले’ असे म्हणताना आपण २००७ च्या गर्दीला मोजपट्टी मानत आहोत. त्या गर्दीत सातत्याने लिहिणारे किती होते? साडेसात कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती, त्यामुळे उत्सुक प्रेक्षकांचा लोंढा होता. तो दुसरीकडे वळला, एवढेच.

आजची स्थिती पाहावी. २०२० नंतर पीएसपीची टूलचेन जीसीसीच्या आधुनिक आवृत्त्यांवर आणली गेली आहे. एसडीएल-२ या खेळांसाठीच्या लायब्ररीत पीएसपीचा आधार आहे, रस्ट भाषेच्या कम्पायलरमध्ये पीएसपी हे लक्ष्य म्हणून नोंदलेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या पीपीएसएसपीपी या इम्युलेटरमुळे प्रत्यक्ष यंत्र हाती न घेता प्रोग्राम तपासता येतो. पूर्वी प्रत्येक चाचणीला मेमरी स्टिक किंवा यूएसबीची उठाठेव करावी लागे आणि चूक झाली की यंत्र गोठे. कारण कळतच नसे. २००६ मधल्या कुणालाही हेवा वाटावा अशी साधने आज हाती आहेत, आणि ती घेऊन काम करणारी थोडी माणसे निष्ठेने करत आहेत. खूप माणसांनी घाईत केलेल्या कामापेक्षा थोड्यांनी नीट केलेले काम मला अधिक मोलाचे वाटते.

सह्यवारा (धागालेखक)

उत्तररात्र, आपण दिलेले प्रत्येक उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देते. टूलचेन आधुनिक झाल्यावर माणसे परतली. ती आधीच, म्हणजे २०११ मध्ये किल्ल्या मिळाल्या त्या क्षणी, तशी असती तर मधली आठ-नऊ वर्षे वाया गेली नसती. उरलेले काम कोणते, तेही पाहा. जीपीएसपी २००६ चा, पण त्याचा सोर्स जीपीएल परवान्याखाली खुला होता, म्हणून तो पुढे इतर यंत्रांवर गेला आणि आज लिब्रेट्रो या इम्युलेटर-प्रकल्पातही आहे. डेडलस खुला होता, तो व्हीटापर्यंत पोहोचला. कस्टम फर्मवेअरमध्येही ‘प्रो’चा सोर्स उपलब्ध होता, आणि सध्या वापरात असलेला एआरके-४ त्याच वंशातील आहे.

खडूफळा

वाचलेल्या प्रोग्रामांकडे पाहून कारण ठरवणे धोक्याचे आहे. ज्यांचा सोर्स खुला होता असेही शेकडो छोटे खेळ कोणी पुढे नेले नाहीत, कारण ते कोणाला हवेच नव्हते. जीपीएसपी टिकला तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे खेळ लोकांना खेळायचे होते म्हणून. खुला सोर्स ही आवश्यक अट असेल, पण चालना देणारी शक्ती मागणीच आहे.

व्हीटाचेच उदाहरण घ्या. जुलै २०१६ मध्ये होमब्रूची वाट उघडणारे हेनकाकू आले तेव्हा बाजाराने त्या यंत्राला जवळजवळ नाकारलेले होते. २०१९ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. तरीही त्यावरचे काम जोमात राहिले, हे मी मानतो. पण कोणते काम? २०२१ पासून सर्वांत गाजलेले काम म्हणजे अँड्रॉइडवरील खेळांच्या मूळ फाइली व्हीटावर थेट चालवणारे पोर्ट, ज्यांत जीटीए सॅन अँड्रियास अग्रभागी होता. कौशल्य थोर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु लोकांना तिथेही दुसऱ्याचे तयार खेळच हवे होते. हौशी माणसाने शून्यातून लिहिलेल्या खेळाला व्हीटावरही मोजकेच खेळणारे मिळाले. त्याला खेळणारे हवे असतील तर तो फोन, संगणक किंवा ब्राउझर निवडेल, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

तांबडी_माती

खडूफळा यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत. एक जोडतो: त्या पोर्टांसाठी वापरकर्त्याने खेळाच्या स्वतःच्या फाइली आणायच्या असतात, पोर्टसोबत खेळ वाटला जात नाही. पीएसपीच्या काळात हा संकेत इतका काटेकोर असता तर होमब्रूची प्रतिमा नक्कीच निराळी राहिली असती.

सह्यवारा (धागालेखक)

मागणीशिवाय काम होत नाही, हे मी नाकारत नाही. पण मागणी २०११ मध्येही होती. सही केलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालतो हे कळल्यावर जुने आवडते प्रोग्राम ‘पीएसपी गो’ या नव्या मॉडेलवर हवेत, अशा विनंत्या मी तेव्हा सतत वाचत होतो. त्या पुऱ्या करायला तयार असलेली माणसेही होती. ज्यांचा सोर्स सापडला त्यांचे सही केलेले ईबूट लगेच तयार झाले आणि उरलेल्यांच्या बाबतीत मूळ लेखकाचा शोध घेण्यापलीकडे काही करता आले नाही.

व्हीटावर हे पुन्हा घडले नाही, याचे श्रेय मी व्हीटाएसडीके हा साधन-संच लिहिणाऱ्यांना देतो. त्यांनी फंक्शनांची नावे, त्यांची आर्ग्युमेंटे आणि नमुने सुरुवातीपासून सर्वांसमोर ठेवले. सॅन अँड्रियासच्या पोर्टचा लोडरही (खेळाच्या मूळ फाइली चालवणारा भाग) खुला होता. त्यानंतर आलेल्या अशा कितीतरी पोर्टांच्या लेखकांनी तोच लोडर घेऊन पुढची भर घातली आहे, आणि त्या लेखकांत पीएसपीच्या काळी शाळेत असलेली मंडळी आहेत.

खडूफळा

लोडर खुला नसता तर पुढचे पोर्ट इतक्या झपाट्याने आले नसते, एवढे मी मान्य करतो. मात्र लोकांना सॅन अँड्रियास खेळायचा नसता, तर तो लोडर लिहिलाच गेला नसता, या मतावर मी ठाम आहे.